माल्पागादा

वाटणी झाली तेव्हा भावांनी घेतली
ओढ्याकाठची सपाट जमीन,
हेझलनटची झाडं, विहीर, खेचर.
एउलारिया आत्याच्या पदरात टाकला
हा उतार,
इतका उभा की शेळीसुद्धा
पाऊल टाकण्याआधी विचार करते.
नावच माल्पागादा :
जिला तिचं मोल मिळालं नाही, ती.
आमच्या प्रियोरातमध्ये हे जमिनीला म्हणतात.
बाईलाही म्हणता येतं.

इथे माती नाही. पाटीचा काळा दगड आहे,
पापुद्र्यापापुद्र्यांचा, उन्हात चकाकणारा.
कुदळ मारली की आधी ठिणगी उडते,
मग शिवी.
वेलीची मुळं फटीफटीतून खाली जातात
ओलीच्या नुसत्या वासावर,
आणि तिथल्या अंधारात
बसतात गिरवत
आपली मुळाक्षरं.

पाटी पुष्कळदा पुसली गेली.
पहिल्यांदा लिहिलं ते मौनी साधूंनी.
म्हणे एका मेंढपाळाला दिसली
पाइनच्या शेंड्यावरून आभाळात गेलेली शिडी
आणि तिच्यावरून चढणारे देवदूत.
साधूंनी शिडीच्या पायथ्याशी मठ बांधला,
सहाशे वर्षं बोलले नाहीत,
पण मोजत राहिले
कुणी किती टोपल्या आणल्या,
त्यात देवाच्या किती.
मग सरकारने साधूंना बाहेर काढलं
आणि मठ लुटायला
आमचीच माणसं गेली.
आमच्या चुलीमागे अजून आहे
तिथला एक कोरीव दगड.
आजोबा म्हणायचे, सापडला.

त्यानंतर आली मुळं खाणारी ऊ,
एवढीशी, नखावर न मावण्याइतकी नव्हे,
नखावर न दिसण्याइतकी.
डोंगरच्या डोंगर उघडे पडले.
पुरुष गिरण्यांच्या गावी गेले,
दारांच्या बिजागऱ्या गंजल्या,
बांध ढासळले,
आणि कुणी उचलायला आलं नाही.

आत्या आली.
कंबरेला दोर,
दोराचं दुसरं टोक बदामाच्या झाडाला,
अशी लटकून तिने लावल्या
कारिन्येनाच्या वेली, परक्या खुंटांवर.
एका वेलीला जेमतेम किलोभर द्राक्षं.
संघाच्या काट्यावर पोंस कारकून हसायचा,
"एउलारिया, पीक आणलंस की नमुना?"
तिची वाइन टँकरमधून दूर जायची
कुठल्या तरी फिक्या वाइनला रंग चढवायला,
निनावी.
ती स्वतः प्यायची
चोथ्यावर पाणी ओतून काढलेलं
गुलाबी काहीतरी.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शहरातून एक माणूस आला,
बुटांना मुद्दाम धूळ लावल्यासारखा.
दगडाचा तुकडा उचलून
त्याने चक्क जिभेला लावला.
आत्याने डोंगर विकला.
त्या पैशात खुब्याचं ऑपरेशन झालं
आणि एक फ्रीज आला.

आता बाटलीवर सोनेरी अक्षरांत
माल्पागादा.
एका बाटलीला माझी आठवड्याची मजुरी.
मी नेउस, सपाट जमीनवाल्यांची नात.
तुर्कस्तानातून स्वस्त हेझलनट येऊ लागल्यावर
मीही या उतारावर आले, पगारी.
पाहुण्यांना सांगतात :
ब्लॅकबेरी, ज्येष्ठमध, ओला दगड.
पाहुणे डोळे मिटून माना डोलावतात.
मी पेले विसळते.

यंदा हंगाम संपल्यावर
लेबल तिरकं बसलेली एक बाटली
मला मिळाली.
सर्व संतांच्या दिवशी
खिशात भाजलेली गरम चेस्टनट घेऊन
स्मशानाच्या भिंतीतल्या तिच्या कोनाड्यापाशी गेले.
पहिल्या घोटाला जीभ आवळली.
दुसऱ्याला काही नाही.
मग बऱ्याच वेळाने
घशाच्या खूप मागे कुठेतरी
दोराचा वास आला,
घामाने भिजून वाळलेल्या.

थेंबभरही ओतली नाही तिच्यापुढे.
ओरडली असती.
बूच दाबून लावलं,
आणि उरलेली घरी आणली.